सर अल्बर्ट हॉवर्ड : इंदूरच्या काळ्या मातीत घडलेला मातीचा शास्त्रज्ञ

भोपाळ : डिसेंबरचा पहिला आठवडा मातीचा असतो. 5 तारखेला जागतिक मृदा दिन आणि 8 तारखेला सर अल्बर्ट हॉवर्ड यांची जयंती. भोपाळच्या बेरसिया रोडवर, नबीबाग इथे 1988 पासून भारतीय मृदा विज्ञान संस्था काम करते. मातीतले सूक्ष्मजीव आणि जिवाणू खतं यांवर देशभरातल्या केंद्रांत जे संशोधन चालतं, त्याच्या समन्वयाचं कामही इथूनच होतं. मातीला जिवंत मानणारं हे शास्त्र आज सरकारी योजनांत आलंय, पाठ्यपुस्तकांत आलंय. शंभर वर्षांपूर्वी मात्र तसं नव्हतं. तेव्हा इथून दोनशे किलोमीटरच्या आत, होळकरांच्या इंदुरात, एका इंग्रज शास्त्रज्ञाने हीच गोष्ट सिद्ध करण्यासाठी आयुष्य पणाला लावलं होतं.

गोंदिया-बालाघाटचा धानपट्टा असो, बैतूल-बुऱ्हाणपूरची काळी जमीन असो की खुद्द माळवा असो, या सगळ्या भागातल्या शेतीशी हॉवर्ड यांच्या कामाचं जवळचं नातं आहे. कंपोस्टच्या खड्ड्याला जगभर इंदूर पद्धत म्हणतात, ते त्यांच्यामुळेच. आपल्याकडे मात्र हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

शेतकऱ्याच्या घरातला मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या गावी झाला. घरची शेती होती. जनावरं, शेणखत, पेरणी-कापणी हे सगळं लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं. पुढे लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज इथे शिक्षण झालं. 1899 मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये गेले. तिथे ऊस आणि इतर पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास हे त्यांचं काम होतं.

तिथे एक गोष्ट त्यांना बोचायला लागली. शेतकऱ्याला पिकांच्या रोगांवर सल्ला द्यायचा, पण आपण स्वतः एकही पीक शेवटपर्यंत पिकवलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवर बुरशी दिसते, पण ते झाड आजारी का पडलं हे काही त्या पट्टीवर दिसत नाही. इंग्लंडला परतल्यावर वाय इथल्या शेती महाविद्यालयात त्यांनी हॉप्स या पिकावर काम केलं. मनातली टोचणी मात्र तशीच राहिली. आपल्याला जमीन हवी, स्वतःचे बैल हवेत आणि मन मानेल तसे प्रयोग करायची मोकळीक हवी, हे त्यांचं ठरून गेलं.

पुसा : शेतकरी आणि कीड, दोघंही गुरू

ती संधी भारतात मिळाली. 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या नव्या शेती संशोधन संस्थेत सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं लग्न झालं. पत्नी गॅब्रिएल मॅथाय या स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. झाडं प्रकाशात अन्न कशी तयार करतात यावर त्यांनी एफ. एफ. ब्लॅकमन यांच्याबरोबर महत्त्वाचं संशोधन केलं होतं. पुढची पंचवीस वर्षं हे जोडपं बरोबरीने राबलं. गॅब्रिएल यांना सरकारने 1913 मध्ये अधिकृत पद दिलं, पण काम त्या आधीपासूनच करत होत्या.

पुसाला आल्यावर हॉवर्ड यांनी आसपासच्या शेतकऱ्यांची शेती बघायला सुरुवात केली. रासायनिक खत नाही, औषधाची फवारणी नाही, तरी पिकं बऱ्यापैकी निरोगी. कडधान्यं धान्यासोबत मिसळून पेरलेली, शेणखत घातलेलं, जनावरं शेताशी जोडलेली. ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याचकडून शिकावं लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेतकरी आणि कीडरोग या दोघांना त्यांनी गुरू मानलं. कीड येते म्हणजे पिकाचं किंवा जमिनीचं काहीतरी बिघडलंय, असा त्यांचा हिशोब होता. कीड मारून टाकली की बिघाड कुठे आहे हे सांगणाराच मेला, असं ते समजत.

गव्हावर या दोघांनी केलेलं काम नावाजलं गेलं. पुसा 4 आणि पुसा 12 हे वाण त्यातूनच आले आणि उत्तर भारतात लाखो एकरांवर पसरले. क्वेट्टा इथे त्यांनी फळबागांवर काम केलं, फळं दूरच्या बाजारात न सडता कशी पोचवायची याचाही विचार केला. बिहारमध्ये नीळ सुकायला लागली तेव्हा त्यांनी पानांऐवजी मुळांकडे पाहिलं. जमीन चिबडून हवा कोंडल्याने मुळं गुदमरतात, हे त्यांनी दाखवलं.

याच काळातली बैलांची हकिगत ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पुसाला त्यांनी स्वतःच्या जमिनीतल्या ताज्या चाऱ्यावर आपले बैल पोसले. शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत आला. कुंपणावरून बैल एकमेकांना तोंड लावायचे, तरी हॉवर्ड यांच्या बैलांना रोग लागला नाही. निरोगी माती, निरोगी चारा, निरोगी जनावर आणि शेवटी निरोगी माणूस अशी साखळी त्यांच्या डोक्यात पक्की बसली ती इथे. शास्त्राच्या कसोटीवर हा काही पुरावा ठरत नाही, कारण तुलनेला दुसरी जोडी नव्हती. पण त्यांच्या विचाराची दिशा यातून ठरली.

संस्थेत मात्र खटके उडू लागले. रसायनवाला वेगळा, कीटकवाला वेगळा, बुरशीवाला वेगळा. एकाच झाडाचे तुकडे करून प्रत्येकाने आपापला तुकडा सांभाळायचा, ही रचना हॉवर्ड यांना पटेना. आपल्या खात्याची हद्द ओलांडणारा माणूस कुठल्याच खात्याला नको असतो. शेवटी त्यांनी दुसरी वाट धरली.

इंदूरचा खड्डा

1924 मध्ये इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. होळकर दरबाराने सुमारे 300 एकर जमीन दिली, कापसाच्या केंद्रीय समितीने पैसा दिला. मध्य भारत आणि राजपुतान्यातल्या संस्थानांचे शेती सल्लागार ही जबाबदारीही त्यांच्याकडे आली. भोपाळ हे त्या मध्य भारत एजन्सीतलंच मोठं संस्थान.

माळव्याची जमीन म्हणजे काळी, चिकट. पावसात पाय निघत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात. कापूस, ज्वारी, गहू, तूर निघाल्यावर ढीगभर काडीकचरा उरतो. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जातो. जमिनीतून दरवर्षी काढायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, तर ती किती दिवस पुरणार? हॉवर्ड यांचा पुढचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी होता.

चीनमधले शेतकरी हजारो वर्षं शेतातला आणि गावातला प्रत्येक टाकाऊ पदार्थ जमिनीला परत देतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी 1911 च्या पुस्तकात लिहिलं होतं. हॉवर्ड यांनी ते वाचलं होतं. भारतातल्या शेतकऱ्याची शेणखताची रीत, चीनची ही परंपरा आणि सूक्ष्मजीवांचं नवं ज्ञान या तिन्हींची सांगड त्यांनी इंदूरला घातली.

पद्धत साधी होती. पऱ्हाट्या टणक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होतो. मग हा चुरा, तण, पालापाचोळा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती खणून काढायची आणि तिच्या जागी नवी माती भरायची. चुलीतली राख फेकायची नाही, तीही यात मिसळायची. साधारण 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात हे सगळं थरांनी भरायचं. शेण पाण्यात कालवून वरून शिंपायचं. ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. हवा खेळती हवी, म्हणून फार दाबायचं नाही.

आधी बुरशी कामाला लागते, खड्डा चांगलाच तापतो. मग जिवाणू पुढचं काम करतात. तीन महिन्यांत तीन वेळा उलथापालथ केली की काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा हेच ढीग सपाट जमिनीवर लावायचे. या सगळ्यात बाजारातून विकत आणायचं असं काहीच नव्हतं. गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच तिचा सगळ्यात मोठा गुण होता.

ही पद्धत घडवताना रसायनाची बाजू सांभाळणारे सहकारी होते यशवंत डी. वाड. कचऱ्यात कार्बन किती, नायट्रोजन किती, कुजताना किती वाया जातो, याचं मोजमाप झालं नसतं तर इंदूर पद्धत हा नुसता अनुभवाचा सल्ला राहिला असता. 1931 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्यावरचं पुस्तक काढलं. त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावं आहेत. जगाने पुढे एकच लक्षात ठेवलं. गॅब्रिएल यांच्या बाबतीतही तेच घडलं. ऑगस्ट 1930 मध्ये त्यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांच्या जोडकामाचं फळ पुस्तकरूपात बघायला त्या उरल्या नाहीत. आणि ज्या शेतकऱ्यांच्या रीतीवर हे सगळं उभं राहिलं, त्यांची तर नावंही कुठे नोंदली गेली नाहीत.

1931 मध्येच हॉवर्ड यांनी भारत सोडला. मायदेशी त्यांनी गॅब्रिएल यांच्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी लग्न केलं. 1934 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. इंदूरचं काम त्यांच्यामागेही चालू राहिलं. एप्रिल 1935 मध्ये महात्मा गांधी इंदूरला आले असताना त्यांनी ही संस्था पाहिली. त्याच वर्षी हरिजन पत्रातून त्यांनी कंपोस्टचा पुरस्कार केला. चहा-कॉफीच्या मळ्यांपासून आफ्रिकेतल्या शेतांपर्यंत इंदूर हे नाव खताच्या खड्ड्यासोबत पोचलं.

धानाच्या बांधीतलं कोडं

कंपोस्टने काळ्या जमिनीचा प्रश्न सोडवायला मदत केली. पण धानाचं काय? पूर्व भारतातल्या बांध्यांमध्ये शेकडो वर्षं धानामागून धान घेतलं जातं, खत नावापुरतं, तरी थोडंफार उत्पन्न दरवर्षी येतच राहतं. हा नायट्रोजन येतो कुठून, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढचं मोठं कोडं होतं.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर धरणाऱ्या शेवाळाच्या थराकडे हॉवर्ड यांचं लक्ष होतं. जोराच्या पावसात जमिनीतलं नायट्रेट विरघळून निघून जातं. शेवाळ ते शोषून घेतं, धरून ठेवतं आणि पुढे कुजलं की पिकाला परत देतं. निसर्गाने पावसाळ्यासाठी केलेली ही राखण आहे, असं ते मानत. कंपोस्टचा खड्डा माणसाने केलेला, शेवाळाचा थर आपोआप आलेला. काम दोघांचं एकच, जमिनीचं जमिनीला परत करणं.

पण या शेवाळातला काही भाग याहून मोठं काम करतो. ते नेमकं दाखवलं प्राणकुमार डे या बंगाली शास्त्रज्ञाने. 1939 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. धानाच्या जमिनीतलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन पकडून जमिनीत आणतं, असा त्याचा निष्कर्ष होता. शेतकरी ज्याला नुसतं शेवाळ म्हणून बाजूला सारायचा, ते बांधीतलं फुकटचं खत निघालं.

हे निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नाव शेवाळाचं असलं तरी हे खरं तर जिवाणू. वनस्पतीसारखं सूर्यप्रकाशावर अन्न करतात आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू करतात तसा नायट्रोजनही पकडतात. ॲनाबीना, नॉस्टॉक, ऑलोसिरा या त्यांच्या काही जाती. नायट्रोजन पकडणाऱ्या विकराला प्राणवायू चालत नाही आणि प्रकाशावर अन्न करताना तर प्राणवायूच बाहेर पडतो. ॲनाबीना-नॉस्टॉकसारख्या जातींनी यावर तोड काढली. त्यांच्या माळेसारख्या धाग्यात मधेमधे जाड भिंतीच्या वेगळ्या पेशी असतात, तिथे प्राणवायूला शिरकाव नाही. नायट्रोजनचं काम तिथे चालतं.

परिस्थिती चांगली असेल तर एका हंगामात हेक्टरी 20 ते 30 किलो नायट्रोजन यातून मिळू शकतो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नायट्रोजन असतो, म्हणजे हेक्टरी एक ते दीड गोणीचं हे काम. शिवाय या जिवाणूंचा चिकट पदार्थ मातीचे कण बांधून ठेवतो, त्यामुळे माती कमी वाहते आणि ओल जास्त टिकते.

डे यांच्यानंतर बनारस हिंदू विद्यापीठातले आर. एन. सिंह यांनी हे काम पुढे नेलं. उसर, म्हणजे खारवट नापीक जमिनीत पाणी अडवून निळं-हिरवं शेवाळ वाढवलं तर ती सुधारते, असं त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेतकऱ्याला घरच्या घरी उथळ खड्ड्यात किंवा टाकीत शेवाळ खत तयार करता येईल अशी पद्धत रुजवली. माती, थोडं सुपर फॉस्फेट, काही इंच पाणी आणि भरपूर ऊन. वर जाड थर आला की पाणी आटू द्यायचं, वाळलेल्या पापड्या गोळा करायच्या. रोवणीनंतर आठवडाभराने हेक्टरी 10 किलो भुकटी साचलेल्या पाण्यात फेकायची. ॲझोला ही छोटी पाणवनस्पती धानात सोडतात, तिच्या पानांच्या पोकळीतही ॲनाबीनाच राहतो.

वाद आणि मर्यादा

हॉवर्ड यांनी 1940 मध्ये ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हे पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडमध्ये वादळ उठलं. नायट्रोजन, स्फुरद, पालाश ही तीन अक्षरं म्हणजे शेती नाही, असा त्याचा रोख होता. रासायनिक खताच्या बाजूचे शास्त्रज्ञ खवळले. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी 1942 मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, त्यामागे हॉवर्ड यांचीच प्रेरणा होती.

सगळंच त्यांचं बरोबर ठरलं असं नाही. कंपोस्ट घातलं की रोग येतच नाही, हा त्यांचा दावा पुराव्याच्या पुढे गेलेला होता. मुळांवरच्या उपयोगी बुरशीबद्दल ते जेवढं ठासून बोलले, तेवढं तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. रासायनिक खतावर दीर्घकाळ चांगलं उत्पन्न येऊ शकतं, हे इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडच्या जुन्या प्रयोगांत दिसत होतं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांशी भांडता भांडता ते शेवटी शेवटी कुणाचंच ऐकेनासे झाले.

निळ्या-हिरव्या शेवाळालाही मर्यादा आहेत. त्याला साचलेलं पाणी लागतं, ऊन लागतं, स्फुरद लागतं. आम्लधर्मी जमीन मानवत नाही. गोगलगाई आणि पाण्यातले किडे ते खाऊन टाकतात. युरियाचा मारा केला तर ते हवेतून नायट्रोजन पकडायचं थांबवतं, कारण आयतं मिळत असताना कष्ट कोण करणार? आणि पकडलेला नायट्रोजन ते मेल्यावर, कुजल्यावरच पिकाला मिळतो, म्हणून गुण एका हंगामात दिसत नाही. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या काळ्या जमिनीत तर पाणीच साचू द्यायचं नसतं, तिथे शेवाळाच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे इंदूरचा खड्डाच कामाचा.

शेवट आणि आजची माती

20 ऑक्टोबर 1947 रोजी लंडनमध्ये हॉवर्ड यांचं निधन झालं. ज्या देशाच्या शेतीने त्यांना घडवलं तो स्वतंत्र होऊन दोनच महिने झाले होते. पुढची काही दशकं भारताला पोट भरायची घाई होती आणि रासायनिक खताशिवाय ते जमलं नसतं, हेही तितकंच खरं. त्या काळात हॉवर्ड यांचं नाव परदेशातल्या सेंद्रिय शेतीवाल्यांनी जास्त जपलं.

मात्र भोपाळच्या मृदा विज्ञान संस्थेकडे ज्या दीर्घकालीन खत प्रयोगांचं समन्वय आहे, ते प्रयोग देशाच्या वेगवेगळ्या मातींत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहेत. वर्षानुवर्षं नुसता नायट्रोजन दिलेल्या जमिनीचं उत्पन्न घसरत जातं, तर संतुलित खतासोबत शेणखत दिलेल्या जमिनीचं टिकतं आणि तिच्यातला सेंद्रिय कार्बनही वाढतो, असं त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. हॉवर्ड यांना रासायनिक खत पूर्ण नको होतं, ते काही या प्रयोगांनी मान्य केलं नाही. पण जमिनीतून काढलेलं जमिनीला परत द्या, हा त्यांचा मूळ मुद्दा तेवढा पक्का झाला.

आजही माळव्यात गहू निघाला की नरवाई पेटवली जाते, विदर्भात वेचणी संपली की धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग जळतात. हॉवर्ड आणि वाड यांनी इंदुरात खतासाठी रस्त्यावर अंथरून गाड्यांखाली दिलेल्या पऱ्हाट्या त्या याच.